उलट्या पुरलेल्या अठरा बाटल्या

लालबागच्या आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात हातभर खोल एक बाटली अजून पुरलेली आहे. तोंड खाली, बूड वर. ती काढायची तारीख माझ्याकडे लिहून ठेवलेली आहे. पुरल्याला शंभर वर्षं होतील त्या दिवशी काढायची, असं ज्यांनी ठरवलं ते आमचे विज्ञानाचे सर केव्हाच गेले. त्या तारखेला मी एकशे पाच वर्षांची असेन. "सर, मी कुठली जगते तेवढी?" असं मी त्यांना म्हटलं होतं. तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "ते आत्ता कसं सांगता येईल? बघू."

इतर माणसं "बघू" म्हणतात ती विषय टाळायला. सर "बघू" म्हणाले की समजायचं, आता हा माणूस खरोखरच बघत बसणार, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही बसावं लागणार.

मी त्रेपन्न साली त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. वय तेवीस आणि जीभ तिखट. आमची चाळ शाळेला लागूनच. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून शाळेचं मागचं अंगण सगळं दिसायचं, त्यामुळे नोकरी लागायच्या आधीपासून मी सरांना ओळखत होते, म्हणजे वरून ओळखत होते. टक्कल, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात फूटपट्टी आणि अंगणात कुठेतरी उकिडवे बसलेले. आमची आई म्हणायची, "त्या मास्तरांचं काहीतरी हरवलंय गो. वर्षानुवर्षं शोधतायत बिचारे."

पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं चौदा वर्षांचं नुकसान केलं. स्टाफरूमच्या भिंतीला एक चीर होती. ती वाढतेय की आहे तेवढीच आहे हे कळावं म्हणून त्यांनी तिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवली होती. भिंत हलली तर कागद फाटणार, असा हिशेब. चौदा वर्षं तो फाटला नव्हता. मी आपली खुर्ची मागे रेटून ऐसपैस बसले आणि तो टर्रकन फाटला. बाकीचे मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी बसवलेला गणपतीच पाडला. सर आले, चष्मा कपाळावर चढवून पट्टी बघितली, बाटलीतली खळ आणून नवी पट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख घातली आणि माझी खुर्ची हातभर पुढे ओढून दिली. "बसा बाई," म्हणाले, "आता परत पहिल्यापासून." रागाचा मागमूस नाही. मला वाटलं, हा माणूस एक तर संत आहे किंवा अर्धवट.

अंगणातल्या भेंडीच्या (भाजीच्या नव्हे, सावलीच्या) झाडात त्यांनी जमिनीपासून साडेतीन फुटांवर एक खिळा ठोकला होता. झाड वाढलं की खिळाही वर जातो का, हा प्रश्न. दर जूनमध्ये नव्या वर्गाला बाहेर नेऊन मोजायचे आणि दर जूनमध्ये साडेतीन फूट. झाड शेंड्याला वाढतं, बुंध्याला नाही, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, तरी मोजायचे. पोरं फिदीफिदी हसायची. "सर, परत तेच."

"तेच आलं म्हणून तर लिहायचं," सर म्हणायचे. "वेगळं आलं असतं तर कुणीही लिहिलं असतं."

"लवकर" हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता. राहायला नायगावच्या चाळीत, तिथून रोज चालत यायचे, आणि त्या चालीत कधी फरक नाही. शिपायानं चहा दिला आणि "सर, गोड झालाय ना?" विचारलं, तर "एका घोटावरून कसं सांगू?" म्हणून कप रिकामा करायचे आणि मग उत्तर द्यायचे, तोवर शिपाई दुसऱ्या मजल्यावर पोचलेला असायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला आम्ही सगळे शिक्षक शिवाजी पार्कला गेलो, तेव्हा हेही निघाले. आम्ही सभा संपवून परत यायला लागलो तेव्हा हे पोचत होते. मी म्हटलं, "सर, संपली सभा." म्हणाले, "काय ठरलं?" म्हटलं, "मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे." "मग ते मला आधीपासूनच मान्य आहे," म्हणाले आणि आमच्याबरोबर परत फिरले.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या नवऱ्याला पुरून उरणाऱ्या होत्या. एकदा मला म्हणाल्या, "अठरा वर्षं झाली लग्नाला, बाई. ह्यांचं अजून निरीक्षणच चाललंय." छप्पनच्या दसऱ्याला दोघं त्यांच्या चाळीतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. स्टाफरूममध्ये एका भोचक मास्तरांनी विचारलं, "सर, तुम्ही एरवी इतके विचार करणारे. हे एवढ्या घाईनं कसं काय?" सर चकित झाले. "घाई?" म्हणाले. "अडीच हजार वर्षं झाली."

आता बाटल्यांचं सांगते. सर तरुण असताना त्यांच्या चाळीजवळ एका गिरणीची जुनी शेड पाडली. फरशी उकरली आणि पावसाळ्यात त्या जागी टाकळा उगवला, हा एवढा. त्या फरशीखाली कुणी बी पेरायला गेलं होतं? म्हणजे शेड बांधली तेव्हापासून ते बी खाली पडून होतं, आणि जिवंत होतं. मग बी मातीत किती वर्षं जिवंत राहतं? हा प्रश्न त्यांना चावला तो चावलाच. पस्तीस साली शाळेत लागल्या लागल्या त्यांनी औषधाच्या दुकानांतून रुंद तोंडाच्या अठरा बाटल्या गोळा केल्या. प्रत्येकीत कोरडी रेती, आणि रेतीत टाकळा, कुर्डू, माठ, आघाडा, धोत्रा, तुळस, प्रत्येकी पन्नास बिया. बाटल्या बिनबुचाच्या, पण उलट्या पुरलेल्या, म्हणजे ओल लागेल पण पाणी साठणार नाही. अंगणात एका रांगेत, दोन-दोन पावलांवर. दर तीन वर्षांनी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी एक काढायची, कुंड्यांत पेरायची आणि किती कोंब येतात ते मोजायचं. अठरा त्रिक चोपन्न. म्हणजे शेवटची निघणार एकोणनव्वद साली. "तेव्हा तुम्ही असाल का, सर?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी असण्याचा प्रयोग नाही तो."

बी मातीतून काढताना त्याला उजेड लागता कामा नये. उजेड लागला की झोपलेलं बी जागं होतं आणि सगळा हिशेब चुकतो. म्हणून सर अंगावर काळी घोंगडी पांघरून, आत बसून, नुसत्या हाताच्या अंदाजानं खुरप्यानं खणायचे. बाहेरून दिसायचा तो एक हलणारा काळा ढीग. त्यातून खरवडल्याचा आवाज यायचा आणि मधूनच खोकला.

आणि याच माणसाला अंधश्रद्धेचा मनस्वी राग. तिकाटण्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, कुणी उतारा ठेवला की त्यातला नारळ उचलून आणायचे आणि स्टाफरूममध्ये फोडून सगळ्यांना वाटायचे. अर्धे मास्तर खायचे नाहीत, मग मला जास्त मिळायचा. दर वर्षी सातवीच्या वर्गात सुरीला जास्वंदीचं फूल चोळून लिंबू कापायचे, लालभडक रस गळायचा, पोरं किंचाळायची, आणि मग एकेका पोराच्या हातून तेच करून घ्यायचे. "कुणी रक्त काढून दाखवलं तर त्याला सांगा, आधी सुरी धुऊन आण."

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी ते बोलले.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई कुणाची यावरून शहर पेटलं होतं. आमच्या भागात दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, अश्रुधूर, गोळीबार, सगळं होऊन गेलं होतं. दिवसाचे दोन-तीन तास कर्फ्यू उठायचा, तेवढ्यात लोक दूध-भाजी आणायचे. त्या रविवारी मी गॅलरीतून खाली बघितलं तर अंगणात घोंगडी हलतेय. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. कर्फ्यू असो नाहीतर प्रलय, सातवी बाटली आज निघणार होती. म्हटलं, या माणसाला गोळीबिळी लागायची, आणि चार शब्द सुनावायला धावत खाली गेले. मी पोचते तोच मागच्या फाटकातून एक हवालदार आणि एक तरुण पोलीस शिपाई आत आले.

"कोण आहे रे घोंगडीत? बाहेर ये."

घोंगडीतून आवाज आला, "पाच मिनिटं थांबा. आत्ता उघडलं तर उजेड जाईल."

"कशात?"

"बाटलीत."

बाटली म्हटल्यावर हवालदारानं काठी सरसावली. त्या आठवड्यात लालबागेत बाटल्या कशासाठी जमवतात हे शेंबड्या पोराला कळत होतं. "किती आहेत?"

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं एकच आहे म्हटलं असतं. सर म्हणाले, "ही सातवी. अजून अकरा आहेत. सगळ्या याच रांगेत, दोन-दोन पावलांवर."

"फावडं आण," हवालदार शिपायाला म्हणाला. "सगळं उकर."

एकवीस वर्षं त्या भर दुपारच्या उन्हात निघणार होती. खरं सांगून बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कोण ऐकून घेणार होतं, टाकळा आणि कुर्डू? मी पुढे झाले आणि आवाज खाली आणून म्हटलं, "हवालदारसाहेब, उकरू नका. ते बांधलेलं आहे."

"काय बांधलेलं?"

"शाळेत मुलं टिकत नव्हती. भगतानं अठरा बाटल्यांत बांधून, उलटं करून पुरलंय. मास्तर दर तीन वर्षांनी एक सोडवतात. ठरल्या दिवशीच, आणि घोंगडीखालीच. दुसऱ्या कुणी हात लावला तर ते त्याच्या घरी जातं. पोराबाळांचे आहात म्हणून सांगते, नाहीतर माझं काय जातंय."

बोलता बोलता माझं मलाच नवल वाटलं. सरांच्या प्रयोगातली एकेक गोष्ट त्या थापेत फिट बसत गेली, काही बदलावं लागलं नाही. हवालदाराचा हात गळ्यातल्या ताइताकडे गेला. तरुण शिपाई तर आधीच फाटकापाशी जाऊन उभा होता. "आधी नाय सांगायचं, बाई?" असं मलाच दटावून हवालदार निघून गेला.

जरा वेळानं सर बाहेर आले. हातात काळ्या कापडात गुंडाळलेली बाटली. मला वाटलं, आभार मानतील. ते फाटकाकडे बघत म्हणाले, "तो शिपाई माझ्या वर्गात होता. लिंबू त्यानंही कापलं होतं."

"बाटल्या वाचल्या ना?" मी म्हटलं.

"वाचल्या. आता तुम्ही पेरलंत ते किती वर्षं टिकतं ते बघू."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, टोमणा नाही, काही नाही. मी समोर आले की नम्रपणे मान हलवायचे आणि दुसरीकडे बघायचे. आठ महिने. मी चिडले. केल्या उपकाराची काही जाण? शेवटी एक दिवस तणतणत नायगावला गेले आणि वहिनींसमोर सगळं ओकले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा टाकला, आणि स्टोव्हकडे बघत म्हणाल्या, "ह्यांच्या आजीनं करणी केली असं गावात एकदा उठलं. कुणाचं तरी ढोर मेलं होतं. एक बाई पाणवठ्यावर बोलली, एकच वाक्य बोलली. संध्याकाळी माणसं घरी आली. म्हातारी मेली नाही, पण परत उभी राहिली नाही. हे सात वर्षांचे होते. दारात बसून बघत होते."

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"ते सांगत नाहीत. दुसऱ्यांचे नारळ फोडत बसतात."

चहा तसाच राहिला. नायगाव ते लालबाग चालत आले आणि रस्ताभर मला माझी लाज वाटत होती. माफी मागायची तर कशी, हे कळेना, आणि मी ती मागितली नाही.

इकडे मी पेरलेलं उगवलं होतं. पोलीस लाइनीतून गोष्ट गल्लीत आली, गल्लीतून चाळींत. बायकांनी शाळेच्या कुंपणावर कपडे वाळत घालायचं सोडलं. पोरं तिथून जाताना तोंडावर हात धरायची. भिंतीपाशी लिंबं आणि उदबत्त्या दिसायला लागल्या. आमची आईसुद्धा मला म्हणाली, "संध्याकाळची अंगणाकडे बघत उभी राहू नको." मी आत जाऊन वह्या तपासायला बसले. कुणी पेरलं हे मला, सरांना आणि वहिनींनाच ठाऊक होतं.

गणपती उठले आणि सहावीतला एक मुलगा तापानं पडला. त्याची आई गिरणीत वायंडिंग खात्यात कामाला होती, मालवणकडची, एकटीच कमावती. गल्लीतल्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला आणि ताबडतोब परळच्या इस्पितळात न्या म्हणाले. पण मुलगा आजारी पडायच्या आधी चेंडू आणायला अंगणात गेला होता. त्यानं बांधलेल्यावर पाय दिला, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्यांनी आणलेला भगत म्हणाला, ते उघडल्याशिवाय पोराला चौकापलीकडे हलवाल तर पोर हाताला लागणार नाही. म्हणून ताप चढत होता आणि मुलगा घरीच होता.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती बाई पंधरा-वीस माणसं घेऊन अंगणात आली. डोळे तारवटलेले, अंगावर कालचंच लुगडं. सरांना म्हणाली, "मास्तरानू, आधी तां काढा. मगे मी पोराक हास्पिटलात नेतंय."

मी गर्दीत घुसले. "काही बांधलेलं नाहीये. ते मी पोलिसांना खोटं सांगितलं होतं. नुसत्या बिया आहेत त्यात. मुलाला आधी इस्पितळात न्या, तुमच्या पाया पडते."

तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं. "तू आता भियान सांगतस," म्हणाली. भीतीपोटी मी शब्द फिरवतेय, असं तिला वाटलं.

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. खोटं एका दमात खपलं होतं. खरं फुकट वाटायला निघाले तर कुणी घेईना. मी परत परत सांगत राहिले, आणि जितकं सांगावं तितकी त्यांची खात्री पटत गेली.

सर पुढे झाले. त्यांनी तिला विचारलं, "ताप कितवा दिवस?"

"नववो."

"सगळ्या काढल्या तर लगेच नेणार?"

"आयेची आण."

त्यांनी रांगेकडे एकदा बघितलं. नंतर आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "बाई, खुरपं आणा. लवकर."

मी खुरपं आणलं आणि घोंगडीही आणली. त्यांनी घोंगडी बाजूला ठेवली. "यांना दिसायला हवं," म्हणाले.

भर बारा वाजताच्या उन्हात ते खणायला बसले. आयुष्यात कधी घाई न केलेला तो माणूस कुत्र्यासारखा माती उपसत होता. पहिली बाटली निघाली. ती वर्तमानपत्रावर पालथी केली, रेती आणि बिया पसरल्या, आणि ते दुसरीकडे सरकले. ती एकोणसाठची होती. मग बासष्टची. मग पासष्टची. मी शेजारी उभी राहून मनात वर्षं मोजत होते आणि रडू आवरत होते. अडुसष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर. त्यांच्या नखांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी खाली बसून हातांनी माती बाजूला करायला लागले. त्यांनी नको म्हटलं नाही. सत्याहत्तर. ऐंशी. त्र्याऐंशी.

नववी बाटली पालथी केली तेव्हा ती बाई खाली बसली. तिनं चिमूटभर रेती तळहातावर घेतली, बोटानं चाळली, एक बी उचलून दाताखाली धरून बघितलं.

"ह्यां टाकळ्याचां बी मां," ती म्हणाली.

"हो," सर म्हणाले.

"ह्यां कित्याक पुरलात?"

"किती वर्षांनी उगवतं ते बघायला."

तिची नजर बाजूला पडलेल्या घोंगडीकडे गेली. "आणि उजेड लागलो तर?"

सरांनी रिकामी बाटली बाजूला ठेवली. ती शेतकऱ्याची लेक होती, तिला उत्तर नको होतं. तिनं नऊ खड्ड्यांकडे बघितलं, वर्तमानपत्रांवरच्या नऊ ढिगांकडे बघितलं, आणि पदर सोडून शेवटच्या ढिगावर घातला. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण तिनं घातला. सर दहाव्या बाटलीवर खुरपं टेकवत होते, त्यांचा हात तिनं धरला. "रवांदेत ती दोन," म्हणाली. मग उठली आणि बरोबरच्या माणसांवर खेकसली, "बघतास काय? चला, पोराक उचला."

मुलगा तीन आठवडे इस्पितळात होता. हाडं तेवढी उरली, पण वाचला. नऊ बाटल्यांतल्या बिया सरांनी गच्चीवर पेरल्या तरी. टाकळा भरभरून आला, त्याचा शास्त्राला काडीचा उपयोग नव्हता, आणि मोजून झाल्यावर त्याची भाजी त्या बाईनं करून आणली. उरलेल्या दोन बाटल्यांच्या तारखा सरांनी बदलल्या. एक त्यांनी निवृत्तीनंतर पंच्याहत्तर साली स्वतः येऊन काढली, घोंगडी घेऊन, आणि चार कोंब आले. त्या चार कोंबांसमोर तासभर हसत बसले होते. दुसरीचं मी सांगितलंच.

पण मला सांगायचंय ते मुलगा घरी आला त्या दिवसाचं. शाळा सुटल्यावर सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर बाटल्यांची वही होती. ठरल्याप्रमाणे घडलं नाही तर त्यात का घडलं नाही ते लिहावं लागायचं. त्यांच्या बोटांना अजून पट्ट्या होत्या, म्हणून लिहायला मी.

"लिहा," म्हणाले. "नऊ बाटल्या मुदतीआधी उजेडात आल्या. कारण: एकवीस वर्षं या गल्लीत शिकवूनही माझं शिकवणं कमी पडलं."

मी "कारण" इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. "हे मी लिहिणार नाही, सर."

"का?"

"खोटं आहे म्हणून. आणि माझं खोटं बोलून झालंय." मी पुढे लिहिलं, "मी पोलिसांशी खोटं बोलले," आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं. अक्षर घाणेरडं आलं. वही त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. किती वेळ वाचत होते कोण जाणे, ओळ तर एवढीशी होती. मग पट्टी बांधलेल्या बोटांत पेन कसंबसं धरून माझ्या नावाखाली लिहिलं, "आणि ते सगळ्यांना खरं वाटलं, माझे विद्यार्थी धरून." खाली स्वतःचं नाव घातलं.

"आता बरोबर झालं," म्हणाले. "दोन माणसं लागतात, बाई, एवढ्या नुकसानाला. एकट्यानं नाही होत."

माझी माफी तेव्हा कुठे तोंडातून फुटली, आणि फुटली ती हुंदक्यांसकट. मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. सरांनी गप्प व्हा म्हटलं नाही, पाणी आणलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. स्टूल ओढून समोर बसले, आणि माझं रडून संपेपर्यंत तसेच बसून राहिले.